मलप्रभेकाठची तिसरी जागा

"अप्पा, चार दिवस दुकान सोडून माझ्याबरोबर चला. मला एक किरकिरं गिऱ्हाईक पाहिजे."

माझी मुलगी हे भर दुपारी गल्ल्यासमोर उभी राहून म्हणाली. हुबळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबा मिरजेकडून येऊन इथं बसले तेव्हापासूनचं. त्या वेळी माझ्यासमोर एक खरोखरीचं किरकिरं गिऱ्हाईक उभं होतं. कुकरची शिट्टी कशी वाजते ते इथंच वाजवून दाखवा म्हणून एक बाई हटून बसली होती. मी मुलीला हळूच म्हटलं, "हिलाच घेऊन जा की."

"त्या तुमच्यापुढं काहीच नाहीत," ती म्हणाली. "चहाला जरा उशीर झाला की तुम्ही घर डोक्यावर घेता. चादरीला सुरकुती पडली की रात्रभर कुरकुरता. तुम्हाला जिथं झोप लागली तिथं कुणालाही लागेल."

तिची आई आतल्या बाजूला ताटं पुसत होती, ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मुलगी काय काम करते ते आधी सांगतो, कारण बाजारात अजून निम्म्या लोकांना ते कळलेलं नाही. ती माणसांना कयाकमध्ये बसवून पाण्यावर नेते. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, प्लास्टिकची होडी. पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं इकडून तिकडून मारत जायचं. त्याआधी ती धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात इंजिनियर होती. सकाळी बस, गळ्यात ओळखपत्र, महिना भरला की पगार. लोक विचारायचे, मी ऐटीत सांगायचो. आणि एक दिवस ती नोकरी सोडून आली. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. मग बोललो ते असं बोललो की, त्यापेक्षा तुमचं मौन बरं होतं, असं तिची आई म्हणाली.

या वेळचा मामला मात्र गंभीर होता. तिचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती काम शिकली ते, मलप्रभेच्या धरणाच्या पाण्यावर एक नवी सहल सुरू करणार होते. तीन रात्री काठाकाठानं मुक्काम करत जायचं. ती सहल चालवायला दोघं तयार होती, एक माझी मुलगी आणि एक बेंगळूरचा मुलगा. सरांनी सांगितलं, मुक्कामाच्या तीन जागा शोधून आणा. पण नुसत्या नकाशावर बोट ठेवून नाही. ज्याची जमीन त्यानं स्वतः मला फोनवर सांगितलं पाहिजे, की होय, या माणसांना मी राहू देईन. बेंगळूरच्या मुलाला दोन जागा मिळाल्या होत्या, तिसरीला नकार आला होता. हिला तिन्ही पाहिजे होत्या.

आणि हिनं आईला शब्द दिला होता. ही सहल हातात आली नाही तर मुकाट्यानं बेलूरला परत जायचं. तिथले साहेब अजून बोलावत होते. तिची आई त्या शब्दावर टेकून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मीही बसलो होतो. मनात म्हटलं, जाऊ दे, चार दिवस पाण्यात भिजू, पोरीची हौस फिटेल, गाडी पुन्हा रुळावर येईल.

धारवाडच्या केलगेरी तळ्यावर तिनं मला दोनदा होडीत बसवून सराव दिला. सकाळी फिरायला आलेली माणसं काठावर उभी राहून बघत होती. एकानं तर ओळख काढून विचारलं, "काय शेठ, दुकान बंद केलं काय?" मी वल्हं उचलून त्याच्या अंगावर पाणी उडवलं. सुभाष रोडवरनं एक रुंद काठाची टोपी घेतली, ती पहिल्याच वाऱ्यात उडाली. असा माझा शिक्षणाचा काळ.

निघायच्या दिवशी मी दुकानातले जाड पत्र्याचे तीन झकास डबे बरोबर घेतले. जागा देणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवायला पाहिजे, नुसत्या 'उपकार झाले'वर काय भागतं? बायकोनं तिन्ही डबे शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून दिले. दोघांची मिळून एक होडी होती. पुढं मी, मागं ती, आणि मधल्या पोकळीत तंबू, पातेलं, शिधा, डबे. पाटबंधारे खात्याच्या परवानगीचं सरांनी आधीच बघितलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारनंतर मी जागा दाखवायला सुरुवात केली. इतकी वर्षं बाजारात काढलेली नजर, म्हटलं उपयोगाला येऊ दे.

"ती बघ, काय झकास जागा! सपाट, हिरवीगार."

"हरभरा आहे तो, अप्पा. पेरलेल्यावर झोपायचं काय?"

धरणाचं पाणी मागं सरकलं की मोकळ्या झालेल्या काळ्या रानात लोक हरभरा, जोंधळा टाकतात. लांबून ते सगळं हिरवळीसारखं दिसतं. बरं. मी पुढची दाखवली. दगडी उतार, वर सावली, पाण्यापर्यंत पायवाट.

"इथं सकाळी बायका धुण्याला येणार. आणि तुम्ही तंबूतनं बनियनवर डोकं बाहेर काढणार. बरं दिसेल काय?"

त्याच्या पुढची तर मला फारच आवडली. बारीक वाळू, गादीच जणू. ती उतरली, वाकून बघितलं आणि परत आली. "म्हशी उतरतात इथनं. सगळीकडं खूर आहेत."

"मग झोपायचं कुठं? तुझ्या डोक्यावर?"

"ऊन आहे अजून. वल्हं मारा."

मला असा राग आला की मी वल्हं आडवं धरून बसलो. होडी काही थांबली नाही. ती एकटीच मागनं मारत होती आणि आम्ही पहिल्यापेक्षा जोरात चाललो होतो. तेव्हा मला समजलं की दुपारपासून पुढं बसून मी जे करत होतो त्याला वल्हवणं म्हणत नाहीत.

संध्याकाळी तिनं एक खडकाळ उंचवटा निवडला. जवळ एक झोपडं होतं. ती लाइफ जॅकेट काढून, पायातलं काढून, मोकळ्या हातांनी तिकडं गेली. मी म्हटलं, आता विचारेल जागेचं. कुठलं काय! "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, इथनं सुरुवात. मग पाऊस कसा झाला, पाणी कुठवर चढलं होतं, मोटार चालते का. म्हाताऱ्यानं पाणी दिलं, ती बसून प्याली. शेवटी त्यानंच विचारलं, "रात्री कुठं राहणार गं यव्वा?" मग तिनं सांगितलं.

मी मागं उभा राहून ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हे तर माझं आहे! गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी भांडं दाखवायचं नाही. आधी पाणी, आधी गाव कुठलं, लग्न कुणाचं. भांड्याचं त्यानंच काढलं पाहिजे. लहानपणी शाळा सुटल्यावर ही पोरगी दुकानात कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. गृहपाठ करत होती की आम्हाला बघत होती, देव जाणे. माझी छाती त्या रात्री जराशी फुगली, पण मी ते दाखवलं नाही. खडे टोचतात म्हणून भरपूर तक्रार केली. सकाळी तिनंच मला गदागदा हलवून उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटलो. पाण्याच्या कडेला रस्त्यासारखी गुळगुळीत, वाळून तडे गेलेली जमीन दिसली. ती म्हणाली, "अप्पा, नको, ही एरी आहे, वरनं वाळते फक्त." काळ्या मातीला आमच्याकडं एरी म्हणतात. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस," आणि टुणकन उतरलो. मांडीपर्यंत आत! दुसरा पाय काढायला गेलो तर तोही गेला. अय्यय्यो! हुबळीच्या बाजारातला प्रतिष्ठित माणूस चिखलात उभा, आणि समोर एक बगळा एका पायावर उभा राहून मजा बघतोय. मुलीनं होडी आडवी लावली, मला त्यावर पोटावर पडायला लावलं आणि खेचून काढलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला ओरडायला काहीतरी मिळालं असतं. एक चप्पल अजून तिथंच आहे.

त्या रात्रीची जागा मासे धरणाऱ्या एका कुटुंबाच्या खडकावर मिळाली. रात्री कुठं राहणार ते त्यांनीही हिलाच विचारलं, मला चिखल धुवायला बादली दिली. दोन डबे लाडवांसकट दोन घरांत गेले. दोन्ही घरांशी सर फोनवर बोलले. आता राहिली एक जागा.

आणि तिसरा दिवस नेमका एळ्ळ अमाशीचा. ही तिळाची अमावास्या मार्गशीर्षाच्या शेवटी येते. या दिवशी धारवाड भागातला शेतकरी घरात जेवत नाही. सगळं घर नटूनथटून गाडीनं, ट्रॅक्टरनं रानात जातं. भाकरी, कडबू, शेंगापोळी, भरली वांगी, भाज्या. आधी ते थोडं थोडं कालवून रानभर शिंपडतात. त्याला चरगा म्हणतात. भुईला जेवायला घालायचं, मग आपण जेवायचं. एकही कोपरा सोडायचा नाही. माझ्या दुकानातही दर अमावास्येला पूजा असते, कोहळा, लिंबू, सगळं. ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय होणार होती, म्हणून मी सकाळपासून आधीच बिथरलेलो होतो.

वारा समोरून होता. काठावर जिकडंतिकडं माणसं, लाल-हिरव्या इरकली साड्या, बैलांच्या शिंगांना फुगे. एरवी मोकळं असलेलं प्रत्येक झाड आज कुणाच्यातरी पंगतीला सावली देत होतं. दुपार कलली तरी जागा सापडली नाही. मी मागं वळून बघितलं तर तिचा चेहरा ओढलेला. कारखान्यात असताना संध्याकाळी बसमधनं उतरायची तेव्हा रोज तसाच असायचा, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला एकदम वाटलं, नको. हिनं परत तिकडं जायला नको. आदल्या दिवसापर्यंत मला नेमकं उलटं वाटत होतं. पण तिथं, वाऱ्यात हात भरून आलेले असताना, मी देवाला म्हटलं, हिला एक जागा दे.

मग ती जागा दिसली. पाण्यापासून जरा उंच, गवताचा गोल तुकडा, एक मोठा कडुनिंब, खाली कुणाचं पीक नाही. माझ्यासारख्यालाही कळलं की हीच. झाडाखाली एक म्हातारी आणि तिची सून बसल्या होत्या. बाकीचं घर जेवून ट्रॅक्टरनं परत गेलं होतं. आजूबाजूचे लोक म्हातारीला आयी म्हणत होते. आमच्या भागातल्या कानडीत आजीला आयी म्हणतात.

मुलगी वर गेली, पायातलं काढून, रोजच्यासारखी. म्हातारीनं जेवायला वाढलं, मलाही बोलावलं. मुलगी तिच्याशी बोलत बसली. आयीचं लक्ष सारखं पाण्यापलीकडं जात होतं. पलीकडं एक उंचवटा होता, त्यावर तूर उभी होती. तो तुकडाही हिचाच. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरला, मग पाणी चढलं आणि तो चहूबाजूंनी तुटला. पाणी उतरलं की चालत जाता येतं, पण यंदा उतरायला उशीर झाला. मासे धरणाऱ्याची होडी दरवर्षी नेते, तो आज सणाला गावी गेलेला. "सगळ्या रानाला घातलं, ते तेवढं उपाशी राहिलं," आयी म्हणाली, आणि तोंडात घास घेता घेता थांबली.

मग तिनंच विचारलं, रात्री कुठं राहणार? मुलीनं सांगितलं. आयीचा चेहरा बंद झाला.

"इथं नाही," ती म्हणाली. "मागं मोटारीतनं आली होती पोरं. बाटल्या फोडून गेली. आमच्या बैलाच्या खुरात काच गेली. जेवा पोटभर, पण राहायचं नाही."

मला वाटलं, पोरीचा डाव हातचा चाललाय, बापानं आता उतरायला पाहिजे. मी होडीकडं धावलो, तिसरा डबा काढला आणि येऊन थेट आयीच्या हातात ठेवला. "घ्या आयी, हुबळीच्या दुकानातला आहे, जाड पत्रा, जन्मभर जाणार नाही."

आयीनं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. लाडू वाटेत माझ्याच पोटात गेले होते, दर थोड्या वेळानं एक, वारा फार होता म्हणून.

रिकामं भांडं! सणाच्या दिवशी, अमावास्येला, भरल्या रानात, एका घरधनिणीच्या हातात रिकामं भांडं! आणि कुणी दिलं? ज्याच्या दुकानातनं साधी वाटीसुद्धा चार दाणे तांदूळ टाकल्याशिवाय बाहेर जात नाही त्यानं. रोज हजारदा हात आपोआप तांदळाच्या परडीत जातो आणि आज नेमका गेला नाही. सून उठून उभी राहिली. आयीनं डबा खाली ठेवला, हातातनं काहीतरी सांडावं तसा.

मला शरम वाटली, आणि मला शरम वाटली की मी ओरडतो. हा माझा स्वभाव. "चल गं!" मी मुलीवर ओरडलो. "आपण काय भीक मागायला आलोय काय? नको यांची जागा! दुनियेत काय एवढंच झाड आहे?" आणखी बरंच बोललो. कानडीत बोललो, म्हणजे सगळ्यांना नीट समजेल.

मुलीनं डबा उचलला. ना माझ्याकडं बघितलं, ना आवाज चढवला. ती आयीसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "रिकामाच आणायला सांगितला होता मी अप्पांना, आयी. पलीकडच्या तुकड्याचा चरगा कशात न्यायचा? यात भरा. मी तुम्हाला नेते."

तिनं मला असलं काही सांगितलं नव्हतं! आणि आयीलाही ते कळलं होतं, म्हातारी काय दूधखुळी थोडीच होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा डब्याकडं, आणि मग खूप वेळ मुलीकडं.

"तसल्या होडीत? मी?"

"अप्पा बसू शकतात तर तुम्हाला काय अवघड आहे?"

सून खुदकन हसली. आयीनं डबा ओढून घेतला आणि भरायला लागली. भाकरी कुस्करली, भाजी, कडबू, वर ताकातली आंबील. काठोकाठ.

मुलीनं तिला इरकली लुगड्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घातलं. बंद आवळताना विचारलं, "लागतंय काय?" मग स्वतः गुडघाभर पाण्यात उभी राहून होडी धरली, म्हातारीला माझ्या जागेवर बसवलं, डबा मांडीवर दिला. आणि निघाली.

मी काठावर. आयुष्यात इतका वेळ तोंड बंद ठेवून मी कधी उभा राहिलो नसेन. वारा अजून होता, लाटा आडव्या येत होत्या. मुलगी होडीचं नाक लाटेवर तिरकं धरायची, लाट गेली की सरळ करायची, मग पुन्हा तिरकं. म्हातारीनं सुरुवातीला दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. अर्ध्या वाटेत तिनं एक हात सोडला. पलीकडं पोचल्यावर मुलीनं तिला हाताला धरून वर नेलं आणि दोघी तुरीत शिरल्या. आयी मूठमूठ फेकत ओरडत होती, "हुल्लुलिगो!" हे चरग्याच्या वेळचं ओरडणं, पिढ्यानपिढ्यांचं. आणि तिच्या मागं माझी पोरगी, हुबळीच्या भांडीवाल्याची, बेलूरची इंजिनियर, तितक्याच जोरात ओरडत होती, "हुल्लुलिगो!" पाण्यावरनं दोघींचा आवाज स्पष्ट येत होता.

मला अभिमान वाटला. आडवळणानं कशाला सांगू? इतका वाटला की शेजारी उभ्या असलेल्या त्या सुनेला मी विनाकारण म्हटलं, "माझी मुलगी आहे ती." ती म्हणाली, "हौद्री, गोत्तायतु." म्हणजे, होय हो, कळलं. मी तरी परत एकदा सांगितलं.

परत आल्यावर आयी होडीतनं उतरली ती सरळ चालत कडुनिंबाखाली गेली आणि पायानं दोन-चार खडे बाजूला सारले. "इथं लावा तुमचा तंबू," ती मुलीला म्हणाली. "तिकडं नको, तिकडं मुंग्या आहेत." माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. बरोबरच होतं. मी गुपचूप तंबूच्या खुंट्या ठोकल्या, एक वाकडी गेली तीही स्वतःच सरळ केली, आणि त्या रात्री इतका गाढ झोपलो की तक्रार करायला काही उरलंच नाही.

सकाळी आयी दुधाचा तांब्या घेऊन आली. त्या कडुनिंबाखाली फोनला रेंज होती. मुलीनं सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आयीच्या हातात दिला. दोन होकार झाले होते. हा तिसरा. यावर तिचं पुढचं सगळं होतं.

सरांनी नमस्कार केला, सणाची विचारपूस केली आणि मग म्हणाले, "आयी, पुढच्या महिन्यात आठ-दहा माणसं आली तर राहू द्याल काय?"

"कोण घेऊन येणार?" आयीनं विचारलं.

"आमच्यापैकी कुणीतरी येईल. बेंगळूरचा एक मुलगा आहे, चांगला हुशार..."

"नको," आयी म्हणाली. "ही घेऊन येणार असेल तर या. ही म्हणेल ती माणसं राहतील. दुसऱ्या कुणाबरोबर आलात तर बांधावर पाय ठेवायचा नाही."

मुलीनं ओठ दाताखाली धरला होता.

"तुमची-तिची एका दिवसाची ओळख, आयी," सर हसत म्हणाले. "एवढा भरवसा?"

आयीनं माझ्याकडं बघितलं. मी समोरच बसलो होतो, हातात तिच्याच दुधाचा चहा. पण आवाज कमी करायची तिला काही गरज वाटली नाही.

"हिच्याबरोबर एक म्हातारा आलाय," ती फोनमध्ये ओरडली. "फाटक्या तोंडाचा. अमाशीच्या दिवशी रिकामा डबा माझ्या हातात दिला त्यानं, आणि वर माझ्याच रानात उभा राहून मलाच शिव्या घातल्या. तसल्यालासुद्धा मी रात्रभर राहू दिलं, चहा दिला. का? तर तो हिचा बाप. आता बोला, आणखी किती भरवसा पाहिजे?"

सर इतके हसले की फोन खरखरला. हसू आवरल्यावर ते मुलीला म्हणाले, "सहल तुझी. तयारीला लाग." मुलगी दोन्ही हातांनी डोळे पुसत होती आणि हसतही होती.

एरवी मला कुणी फाटक्या तोंडाचा म्हटलं असतं तर काय झालं असतं ते आमच्या बाजारात कुणालाही विचारा. मी चहा खाली ठेवला, उठलो, वाकून आयीच्या पाया पडलो आणि सरांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "हौद्री, मीच तो. मी हिचा बाप."